डिस्क प्लेट ‘गेली’ हे ठरवायचं कोणी आणि कशावरून?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:१२

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ६१ हजार किलोमीटर झालेली. ब्रेक पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, ब्रेक दाबला की तिला दोन्ही अंगांनी पॅड चिमटतात), मागे ड्रम. पुढचे पॅड आजवर एकदाच बदललेत, ३४ हजारला. मी वाईत राहते, धाकटी बहीण पोलादपूरला दिलीय. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी पसरणी घाट चढून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, आणि दुसऱ्या दिवशी उलटा प्रवास.

शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. दुपारी फोन आला, “मॅडम, फ्रंटच्या डिस्क प्लेट गेल्यात, पॅडपण गेलेत. लेबर धरून साडेनऊ हजार होतील. करून टाकू?” मी विचारलं, गेल्यात म्हणजे काय? म्हणे लायनी पडल्यात, कडेला ओठ आलाय. किती झिजल्यात, आकडा सांगा म्हटलं तर, “आकडा कशाला मॅडम, हाताला लागतंय की.” मी नको म्हणाले. तर जॉबकार्डवर ‘ग्राहकाने ब्रेकचे काम नाकारले’ असं लिहून माझी सही घेतली. तेव्हापासून पोटात गोळा आहे.

ब्रेक लागतात व्यवस्थित. आवाज नाही, पेडल थरथरत नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही. दोनच गोष्टी सांगण्यासारख्या. एक, आंबेनळी उतरून खाली आलं की करपल्यासारखा वास येतो. दोन, उजव्या पुढच्या चाकाची टोपी डावीपेक्षा लवकर काळी होते, पण ती मी रस्त्याची धूळ समजत होते.

लायनी आणि ओठ म्हणजे डिस्क बदलायचीच का? नुसते पॅड बदलून चालेल का?

बुलेटराजे | सोमवार, रात्री ९:२०

ताई, सरळ कापताहेत. पॅड बदला आणि विसरा. माझ्या गाडीला १ लाख १० हजार झाले, डिस्क कंपनीचीच आहे.

रवळनाथ | सोमवार, रात्री ९:३१

बुलेटराजे, तुमची गाडी हायवेला पळते. त्यांची महिन्याला आंबेनळी उतरते. किलोमीटरवरून डिस्कचं वय काढणं म्हणजे चपलेचं वय तारखेवरून काढण्यासारखं आहे. एकाच गाडीच्या डिस्क एकाकडे ४० हजारात संपतात आणि दुसऱ्याकडे लाखावर जातात, दोन्ही पाहिलंय.

मापाडी | सोमवार, रात्री १०:०५

चिंचवडला मशीन शॉपमध्ये ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच ब्रेकच्या सुट्या भागांवर. म्हणून जरा लांबण लावतो.

कृष्णाकाठताई, तुम्ही विचारलेला प्रश्नच बरोबर होता. किती? डिस्क ‘गेली’ हे डोळ्यांनी किंवा बोटाने ठरत नाही, जाडीवर ठरतं. प्रत्येक डिस्कची किमान जाडी कंपनीने ठरवलेली असते आणि बहुतेक डिस्कवर ती कोरलेलीही असते. मधल्या टोपीसारख्या भागावर नाहीतर बाहेरच्या कडेवर ‘मिन टीएच’ अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा असतो. गंजाखाली गेला असेल तर तारेच्या ब्रशने घासा. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या पुढच्या डिस्कला आतून हवा खेळायला पोकळी असते. अशा डिस्कला नवी जाडी आणि शेवटची जाडी यांत साधारण २ मिलिमीटरचा फरक असतो. म्हणजे एका बाजूला १ मिलिमीटर, तेवढीच तिची सगळी कमाई.

आता लायनी. पॅड आणि डिस्कमध्ये खडी, धूळ जाते, लायनी पडणारच. नखाला जेमतेम लागणाऱ्या बारीक लायनी घेऊन डिस्क हजारो किलोमीटर सुखाने चालते. नख अडकावं असे खोल चर असतील तर गोष्ट वेगळी. आणि ओठ म्हणजे पॅड जिथवर पोचत नाही तो न झिजलेला काठ. ओठ आहे म्हणजे बाकीची डिस्क झिजलीय, एवढंच तो सांगतो. कितपत, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा माप आणा, मग बोलू. आणि हो, त्या काळ्या टोपीबद्दल मला वेगळीच शंका येतेय. चाक काढाल तेव्हा दोन्ही बाजूंच्या पॅडची जाडी बघा, आतला आणि बाहेरचा वेगवेगळा.

सोनचाफा | सोमवार, रात्री १०:१८

वाचतेय. बाकडं टाकून बसले आहे.

बुलेटराजे | सोमवार, रात्री १०:२६

मापाडीकाका, पण पातळ झाली तरी ती लोखंडच आहे ना. मोडून थोडीच पडणार?

मापाडी | सोमवार, रात्री १०:५२

मोडतेही कधीकधी, पण त्याच्या आधी दुसरी दुखणी येतात. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र. ती उष्णता आधी साठवते डिस्क. डिस्क हलकी झाली की तेवढ्याच उष्णतेत जास्त तापते. जास्त तापली की पॅडची पकड सैल होते, ब्रेक ऑइलपर्यंत आच पोचते. दुसरं, डिस्क पातळ आणि पॅडही संपत आलेले, अशा वेळी कॅलिपरमधला (पॅड धरून दाबणारा चिमटा तो कॅलिपर) पिस्टन त्याच्या घरातून नको तितका बाहेर येतो. तिसरं, पातळ बीडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, उष्णतेच्या तडा लवकर जातात. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या अगदी बारीक रेषा चालवून घेता येतात, पण तडा कडेपर्यंत पोचली असेल तर डिस्क त्याच दिवशी काढायची. माप बघायचं नाही, पैसे बघायचे नाहीत.

आणि ते नुसतं लोखंड नाही, बीड आहे. आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत ओततात ती जात. त्यात ग्राफाइटच्या पाकळ्या असतात, त्या उष्णता झटकन पसरवतात आणि कंप गिळतात. स्टेनलेसची डिस्क दिसायला झकास आणि गंजणारही नाही, पण उष्णता पसरवण्यात ती बीडाच्या पुढे उभी राहत नाही.

दशमान | सोमवार, रात्री ११:३०

शिकवणी घेतो, त्यामुळे हात शिवशिवले. आंबेनळीचं गणित.

गाडी माणसांसकट १,२०० किलो धरा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३५३ मीटर, पोलादपूर पार पायथ्याला. उतार मोकळ्या हाताने १,२०० मीटर धरू. १,२०० गुणिले ९.८ गुणिले १,२०० म्हणजे सुमारे १ कोटी ४१ लाख ज्यूल. हीच गाडी ताशी ८० च्या वेगातून पूर्ण थांबवायला सुमारे ३ लाख ज्यूल जिरवावे लागतात. म्हणजे एकदा आंबेनळी उतरणं हे ८० वरून ४७ वेळा गाडी उभी करण्याच्या बरोबरीचं.

पुढे जाऊन, दोन्ही डिस्क मिळून १० किलो बीड आहे आणि सगळी उष्णता त्यातच अडकली असं समजलं, तर तापमान ३,००० अंशांवर जाईल. बीड १,२०० च्या आसपास पाणी होतं. अर्थात तसं होत नाही, कारण वारा डिस्क गार करत असतो, मागचे ड्रमही थोडा वाटा उचलतात, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन बराच भार खातं. ताई, तुम्ही कोणत्या गिअरमध्ये उतरता?

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७:४०

दशमानसर, आता खरं सांगायला लाज वाटतेय. सरळ उताराच्या पट्ट्यात न्यूट्रल. वडिलांची सवय, तेवढंच पेट्रोल वाचतं म्हणून.

रवळनाथ | मंगळवार, सकाळी ७:५५

🙏 ताई, ही सवय आजपासून बंद. वडिलांच्या गाडीला कार्बोरेटर असेल, तेव्हा त्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. इंजेक्शनवाल्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरत असाल तर इंजिनाचं पेट्रोलच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला उलट ते चालू राहायला पेट्रोल पितं. म्हणजे पेट्रोलही जातं आणि ब्रेकही.

मी आजऱ्याचा, आंबोली घाट रोजच्या पायाखालचा. ट्रकवाल्यांचा साधा नेम, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. आणि ब्रेक मारायचा तेव्हा ठाम मारून वेग पाडायचा आणि सोडून द्यायचा. पाय टेकवून घासत घासत उतरलं की डिस्कला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. तुमचा करपट वास तोच असणार.

मुरुडकर | मंगळवार, दुपारी १२:१५

आमच्याकडे दापोली साइडला झिजून डिस्क जात नाही, गंजून जाते. एक रात्र पावसात गाडी उभी राहिली की सकाळी डिस्क गेरू फासल्यासारखी. तिला घाबरू नये, चार ब्रेकांत साफ होते. पण मुंबईकर पाहुणे गाडी बंदरापाशी चार महिने सोडून जातात तेव्हा मजा. पॅड जिथे चिकटून बसलेले असतात तिथे डिस्कवर पॅडचा ठसा उठतो, आणि बाकीचा भाग खड्डे पडून देवीच्या व्रणांसारखा होतो. हे खड्डे ब्रेक मारून जात नाहीत. माप भरपूर शिल्लक असलं तरी ती डिस्क बाद.

आणि महिनाभर उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका हो. गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा. मागचे लायनर ड्रमला धरले की मग हातोड्याशिवाय सुटत नाहीत.

नेकारकाठचा | मंगळवार, दुपारी ३:०२

कृष्णाकाठ नाव बघून धागा उघडला, मी मूळचा साताऱ्याचा, आता श्टुटगार्टला असतो.

मुरुडकरांशी सहमत. इथे थंडीत रस्त्यावर मीठ मारतात, त्यात माझी गाडी विजेवरची. ती वेग कमी करते मोटरने, ब्रेक क्वचित लागतो, त्यामुळे मागच्या डिस्क न वापरताच गंजतात. गेल्या तपासणीत त्याच कारणाने नापास झालो. जाडी जवळजवळ नव्यासारखी, पण पॅड बसतो त्या पट्ट्याचा निम्मा भाग गंजाने खाल्लेला. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम कचकचून ब्रेक मारतो. बायकोला वाटतं माझं डोकं फिरलंय.

अवांतर : डिस्कमधून झिजून जाणारी पूड जाते कुठे, याचा इथे हिशेब सुरू झालाय. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीला मर्यादा आली. इंजिनच्या कारला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेवरच्या कारला ३. ताईंच्या चाकाची काळी टोपी युरोपात दंडाला पात्र ठरली असती 😀

पिंगळजाई | मंगळवार, सायंकाळी ६:४०

धाग्यात घुसतोय, माफी. माझी डिस्क १४ हजार किलोमीटरपूर्वीच बदललीय, तरी ८०-९० च्या वेगात ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. गॅरेजवाला म्हणतो डिस्क ‘बेंड’ झाली, लेथवर फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करून देतो, एका प्लेटचे ४०० रुपये. मारावं का?

मापाडी | मंगळवार, रात्री ८:१०

पिंगळजाई, घुसलात ते बरं केलंत.

‘बेंड झाली’ हे गॅरेजमधलं सगळ्यात लाडकं निदान, आणि बहुतेक वेळा चुकीचं. डिस्क पापडासारखी वाकडी होत नाही. होतं काय, तर डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) किंचित तिरकी बसलेली असते. मध्ये गंजाची खपली राहिली, किंवा चाकाचे नट एअर गनने एकाच बाजूने करकचून आवळले. हा तिरकेपणा बऱ्याच गाड्यांना ०.०५ मिलिमीटरच्या आत लागतो, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. सुरुवातीला तो जाणवतसुद्धा नाही. पण ब्रेक सोडल्यावर दर फेऱ्याला डिस्कचा तोच भाग पॅडला चाटून जातो आणि हळूहळू तेवढाच झिजतो. काही हजार किलोमीटरने एकाच डिस्कची जाडी जागोजाग वेगळी होते. ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा स्टेअरिंग हलवायला पुरतो. दुसरा प्रकार असा, की तापलेल्या ब्रेकवर गाडी उभी करून पेडल दाबून धरलं की पॅडचा माल डिस्कला चिकटतो.

आता फेसिंग. बाहेर लेथवर डिस्क सपाट कराल, पण हबवरची खपली तिथेच. पुन्हा तिरकी बसेल, पाच-सात हजारांत पुन्हा थरथर. म्हणून आधी डिस्क उतरवा, हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करा, डिस्क बसवा, आणि डायल गेजने तिरकेपणा मोजायला लावा. डायल गेज नसलेल्या ठिकाणी हे काम करूच नका. त्यानंतर फेसिंग लागलंच तर एका बाजूने ०.२ फार तर ०.३ मिलिमीटर जातं. ते वजा करूनही किमान आकड्याच्या वर अंतर राहत असेल तरच.

आणि डिस्कवर निळे डाग असतील तर लेथचा खर्चही करू नका. तिथे बीड अतितापून आतून कडक झालेलं असतं. टूल त्या जागेवर उड्या मारतं, आणि डाग घासून घालवला तरी थोड्या दिवसांनी ती जागा उंचवट्यासारखी वर येते. आम्ही असा माल सरळ भंगारात टाकायचो.

पिंगळजाई | मंगळवार, रात्री ८:२४

दोन महिन्यांपूर्वी पंक्चर काढलं होतं. गनने आवळलेले नट सोडवताना मी अक्षरशः पान्यावर उभा राहिलो होतो.

मापाडी | मंगळवार, रात्री ८:२६

मग चोर सापडला म्हणायचा. नट आवळायचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास. एक आड एक, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. पंक्चरवाल्याला गन अर्ध्यावर थांबवायला सांगा आणि शेवट हातच्या पान्याने करा.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ८:४५

मोजलं! भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या मित्राकडून व्हर्निअर आणला. चाकाचे नट आधी जमिनीवरच सैल केले, मग जॅक, आणि गाडीखाली लाकडी ठोकळा.

डिस्कवर ‘मिन टीएच २०’ सापडलं. नवी २२ असते असं स्पेअर पार्टवाल्याने सांगितलं. दोन्ही डिस्क मोजल्या. डावी २१.७, उजवी २१.६. म्हणजे जेमतेम झिजल्यात की! आकडा सांगता येत नाही तो माणूस साडेनऊ हजार मागतो?

बुलेटराजे | बुधवार, रात्री ८:५०

सांगितलं होतं ना? 😎

मापाडी | बुधवार, रात्री ९:१५

थांबा, थांबा. ताई, व्हर्निअरचे जबडे कुठे टेकले होते? सपाट जबडा डिस्कवर बाहेरून सरकवला की तो ओठावर टेकतो. तुम्ही ओठाची जाडी मोजलीत, डिस्कची नाही. जो भाग झिजतच नाही तो २१.७ भरणारच.

या कामाला खरा मायक्रोमीटर, शून्य ते २५ चा. त्याची चौकट ओठाला वळसा घालून आत जाते. नसेल तर गरिबाचा उपाय. रुपयाची दोन सारखी नाणी घ्या. दोन्ही एकमेकांवर ठेवून आधी त्यांची जाडी मोजा. मग ओठाच्या आत, पॅड फिरतो त्या पट्ट्यावर, डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक नाणं धरा आणि नाण्यांसकट मोजा. नाण्यांची जाडी वजा करा. नाण्यावर नक्षी असते म्हणून एखादा दशांश इकडेतिकडे होईल, पण ओठाने फसवलंय का ते लगेच दिसेल. डिस्क फिरवत सहा-आठ जागी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा.

पॅडचं काय झालं? आतला-बाहेरचा?

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ९:०५

काका, दंडवत.

दोन नाणी मिळून २.९. डावी नाण्यांसकट २३.५, म्हणजे २०.६. उजवी २२.६, म्हणजे १९.७. उजवी सगळीकडे मोजली, एका जागी १९.६ आलं.

पॅड : डावीकडे आतला ५, बाहेरचा साडेपाच. उजवीकडे बाहेरचा ६ आणि आतला... दीड-दोन. पत्र्यावर नुसता साबणाच्या वडीएवढा उरलाय. उजव्या डिस्कची आतली बाजू मोबाइल घालून फोटो काढून बघितली, तिथे चर पडलेत. बाहेरची बाजू त्या मानाने बरी आहे. मी इतकी वर्षं चाकातून दिसते तीच बाजू बघून समाधान मानत होते.

म्हणजे तो माणूस बरोबर होता?

मापाडी | गुरुवार, रात्री ९:४०

अर्धा बरोबर. उजवी डिस्क खरंच संपलीय, आणि डिस्क एका धुऱ्यावर जोडीनेच बदलतात, म्हणजे डावीही जाणार. आज २०.६ आहे, तुमच्या घाटात तशीही फार दिवस टिकली नसती.

पण खरा रोग त्याने सांगितलाच नाही. तुमच्या गाडीचा कॅलिपर सरकता आहे. पिस्टन एकाच बाजूला, आत. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही. मग सगळा भार आतल्या पॅडवर पडतो, आणि पेडल सोडल्यावरही तो नीट सुटत नाही. डिस्कला चाटत राहतो. त्याचीच ती काळी टोपी, आणि वासाचा निम्मा वाटाही त्याचाच.

त्यांनी साडेनऊ हजारात नव्या डिस्क, नवे पॅड घालून दिले असते आणि पिना तशाच ठेवल्या असत्या तर वीस-पंचवीस हजार किलोमीटरने तुम्ही पुन्हा इथेच धागा काढला असता.

सोनचाफा | गुरुवार, रात्री ९:४८

धाग्याचा डिटेक्टिव्ह कथेत प्रवेश. चोर पिन!

रवळनाथ | गुरुवार, रात्री १०:१०

ताई, तोवर घाटात जाऊ नका. वाईतल्या वाईत हळू चालवा, नाहीतर बसने जा. दीड मिलिमीटर पॅड म्हणजे पत्रा डिस्कला लागायला आला. पॅड ३ वर आले की बदलायचे असतात. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते, संपत आलं की ती डिस्कला घासून किंचाळते. पण सगळ्या पॅडना नसते, आणि काहींना एकाच पॅडला असते. तुमचा आवाज न येणं ही खूण चांगली नव्हती.

कामाची यादी गॅरेजवाल्याला तोंडी सांगू नका, कागदावर द्या. डिस्क दोन, पॅड सेट एक. पिना काढून साफ, त्यांना सिलिकॉन ग्रीस, साधं काळं ग्रीस नको, रबर फुगतं. पिनांचे रबरी बूट फाटले असतील तर नवे, पाणी तिथूनच शिरतं. पिस्टन हाताने दाबून आत जातो का ते बघणे. आणि ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री १०:१४

कधीच नाही बहुतेक. कमी झालं नाही म्हणून.

मापाडी | गुरुवार, रात्री १०:३०

दोन वर्षांनी बदलायचं असतं ते. नाव ऑइल, पण ते तेल नाही, हवेतलं पाणी शोषणारं द्रव्य आहे. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हा आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात ते उकळलं की नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पेडल मऊ होऊन खाली बसतं आणि गाडी थांबत नाही. न्यूट्रल, चिकटलेला पॅड आणि सात वर्षांचं ब्रेक ऑइल घेऊन तुम्ही आंबेनळी उतरत होतात. काळभैरवाची कृपा समजा.

बुलेटराजे | गुरुवार, रात्री १०:४१

माझे शब्द मागे घेतो. उद्या माझीही चाकं काढतो. काका, ते नाण्याचं पुन्हा एकदा सांगा.

मुरुडकर | शुक्रवार, सकाळी १०:२०

एक राहिलं. घाट उतरून आल्या आल्या वॉशिंग सेंटरवर गार पाण्याचा फवारा मारू नका. तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखं होतं.

कृष्णाकाठ | पुढच्या मंगळवारी, रात्री ९:३०

काम झालं. त्या सर्व्हिस सेंटरला न जाता गावातल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेले. कागद हातात दिला तर त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, “हे कोणी लिहिलं? माझ्याकडे नोकरीला पाठवा.”

उजव्या कॅलिपरची खालची पिन हाताने हलेना. तापवून, पक्कडीत धरून पिळून काढली तेव्हा तिच्यावर तपकिरी खपली होती आणि बूट चिरलेला. वरची पिन ठीक. दोन्ही बाजूंचे बूट नवे घातले. पिस्टन सुदैवाने मोकळा होता. हबचं तोंड माझ्यासमोर ब्रशने घासलं. नव्या डिस्कला तेलाचा थर असतो हे मला माहीत नव्हतं, तो क्लीनरने पुसून मगच बसवली. ब्रेक ऑइल काढलं ते काढ्याच्या रंगाचं. चारी चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. सगळं मिळून ८,४००.

मग मेस्त्री म्हणाले, आता लगेच घाटात जायचं नाही, आधी पॅड-डिस्कची ओळख होऊ द्या. पहाटे साडेपाचला रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम ब्रेक, सोडायचा, थोडं पळवून गार करायचं, पुन्हा. असं दहा वेळा, मध्ये कुठेही पूर्ण न थांबता. चौथ्या-पाचव्या वेळी थोडा वास आला, घाबरले, पण ते म्हणाले होते येईल. नंतरचे दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवली.

जुनी उजवी डिस्क घरी आणलीय. आतली बाजू बोटाने चाचपली तर ओठ चक्क पायरीसारखा लागतो.

पिंगळजाई | मंगळवार, रात्री १०:०२

माझाही अहवाल. हब साफ केल्यावर तिरकेपणा ०.११ चा ०.०३ वर आला. थरथर निम्मी झाली, पूर्ण गेली नाही. जाडी भरपूर असल्याने दोन्ही प्लेटना ०.२ चं फेसिंग मारलं. आता १०० लाही स्टेअरिंग शांत. पंक्चरवाला मात्र गन थांबवायला सांगितल्यापासून माझ्याशी बोलत नाही.

मापाडी | मंगळवार, रात्री १०:२०

छान झालं दोघांचं. ताई, पहिल्या आंबेनळीनंतर एक करा. खाली पोलादपूरला पोचलात की दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या. लावू नका, नुसता जवळ. दोन्हीकडची धग सारखी असली पाहिजे.

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी ४:५०

पोलादपूरहून लिहितेय. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरले, आधीपेक्षा दहा-बारा मिनिटं जास्त लागली, मागचे दोन पर्यटक हॉर्न वाजवून वाजवून दमले. वास नाही. बहिणीच्या दारात उतरल्या उतरल्या डाव्या चाकापाशी वाकून हात नेला, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. सारखी धग.

दारातून धाकट्या भाचीने ओरडून विचारलं, “आई, मावशी चाकाची आरती का करतेय?”